रक्तवाढीच्या गोळ्या: पट्टीची मागची बाजू वाचून केलेलं परीक्षण

मेडिकलमध्ये जाऊन "रक्तवाढीचं काहीतरी द्या" म्हटलं की काउंटरवर दोन-तीन वस्तू तरी येतात. चकचकीत पट्टीतली फेरस ॲस्कॉर्बेटची गोळी, फ्युमरेटची कॅप्सूल, 'पोटाला त्रास होत नाही' अशी ओळख करून दिलेली पॉलिमाल्टोजची गोळी आणि गोड लालसर सिरपची बाटली. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि आशाताईंकडे फुकट मिळणारी साखरेचं आवरण असलेली लाल गोळी या रांगेत नसते. खरं तर तिची जागा पहिली आहे. लोहाची कमतरता तपासणीत दिसली असेल आणि पोट तक्रार करत नसेल, तर या सगळ्यांत आमची पहिली पसंती त्या लाल गोळीलाच. बाकीच्यांचेही उपयोग आहेत, पण ते कुठे, हे खोक्याच्या पुढच्या बाजूवर कधीच लिहिलेलं नसतं.

डॉक्टरांच्या भाषेत या सगळ्या मालाचं नाव एकच: हिमॅटिनिक. चिठ्ठीवर 'हिमॅटिनिक सुरू' असा शेरा दिसतो आणि घरी त्याचा अर्थ 'टॉनिक' असा लावला जातो. घोळ इथूनच सुरू होतो. अस्थिमज्जेत रक्तपेशी तयार होण्याच्या क्रियेला हिमॅटोपोएसिस, म्हणजे रक्तनिर्मिती म्हणतात. त्या कामाला लागणारा कच्चा माल पुरवणारे पदार्थ ते हिमॅटिनिक. मुख्य तीन: लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२. लोहाशिवाय हिमोग्लोबिन बनत नाही. फॉलिक ॲसिड आणि बी-१२ यांच्याशिवाय मज्जेतल्या पेशींचं विभाजन नीट होत नाही. नव्या लाल पेशी बनवायचा हुकूम मात्र यांच्यापैकी कोणी देत नाही; तो मूत्रपिंडातून निघणाऱ्या एरिथ्रोपोएटिन या संप्रेरकाचा असतो. त्यामुळे मूत्रपिंडाच्या जुन्या आजारात नुसत्या गोळ्यांवर रक्त चढत नाही. विटा संपल्या म्हणून काम थांबलं असेल तर विटा आणून भिंत वर जाते, पण गवंडीच आला नसेल तर अंगणात विटांचा ढीग लावून काय उपयोग? ज्याच्या शरीरात लोह पुरेसं आहे त्याला लोहाच्या गोळ्या देणं हे असंच आहे. थकवा जात नाही आणि बद्धकोष्ठ तेवढं पदरात पडतं.

हा माल किती लागतो ते पाहिलं की एका पट्टीकडून काय अपेक्षा ठेवायची ते कळतं. मोठ्या माणसाची मज्जा सेकंदाला साधारण २० लाख लाल पेशी तयार करते. हे काम मुख्यतः मणके, छातीचं हाड, बरगड्या आणि कमरेच्या हाडांत चालतं. एक पेशी सुमारे १२० दिवस टिकते. रोज या निर्मितीला २० ते २५ मि.ग्रॅ. लोह लागतं, पण त्यातलं बहुतेक मोडलेल्या जुन्या पेशींतून परत मिळतं. आतड्यातून आत येणारं नवं लोह दिवसाला जेमतेम १ ते २ मि.ग्रॅ. असतं. म्हणून मासिक पाळीत जास्त जाणारं रक्त, मूळव्याध, जंत किंवा लागोपाठची बाळंतपणं यांनी हा हिशेब बिघडतो आणि मग नुसत्या जेवणावर तो लवकर सावरत नाही. बीट आणि खजूर जरूर खा, पण हिमोग्लोबिन ८ असताना बिटाच्या रसावर महिना काढू नका. बिटाचा रंग लाल असला तरी १०० ग्रॅम बिटात लोह १ मि.ग्रॅ.च्या आतबाहेरच असतं.

तूट किती आहे याचा अंदाज काढायला डॉक्टर एक साधं सूत्र वापरतात. वजन गुणिले हिमोग्लोबिनमधली तूट गुणिले २.४ आणि त्यात साठ्यासाठी ५०० मिळवायचे. ५० किलो वजनाच्या बाईचं हिमोग्लोबिन ८ असेल आणि ते १५ वर न्यायचं असं धरलं, तर ५० × ७ × २.४ म्हणजे ८४० आणि ५०० मिळून १,३४० मि.ग्रॅ. लोह. आता ६० मि.ग्रॅ.च्या गोळीतलं एक पंचमांश, म्हणजे १२ मि.ग्रॅ. शोषलं गेलं असं उदार मनाने धरलं, तरी ११० दिवसांहून अधिक लागतात. दहा गोळ्यांची पट्टी संपवून 'फरक पडला नाही' म्हणणाऱ्याने हा गुणाकार एकदा करून पाहावा.

आता पट्टी उलटी करा. मागे बारीक अक्षरांत जे लिहिलेलं असतं त्यात क्षाराचं (म्हणजे लोहाच्या संपूर्ण संयुगाचं) वजन आणि प्रत्यक्ष लोहाचं वजन या दोन वेगळ्या गोष्टी असतात. काही पट्ट्यांवर फक्त पहिली छापलेली असते, काहींवर दुसरी. प्रत्यक्ष लोहाला लेबलवर 'एलिमेंटल आयर्न' म्हणतात. तुलना त्याचीच करायची. फेरस फ्युमरेटमध्ये साधारण ३३ टक्के लोह असतं. म्हणजे '१५२ मि.ग्रॅ.' लिहिलेल्या गोळीत लोह ५० मि.ग्रॅ. आणि '३०० मि.ग्रॅ.'च्या कॅप्सूलमध्ये जवळपास १००. पाण्याचा अंश असलेल्या नेहमीच्या फेरस सल्फेटमध्ये २० टक्के, म्हणजे ३०० मि.ग्रॅ.ला ६०. वाळवलेलं सल्फेट मात्र २०० मि.ग्रॅ.तच तेवढं लोह देतं. फेरस ग्लुकोनेटमध्ये जेमतेम १२ टक्के. ॲस्कॉर्बेटच्या गोळ्यांवर बहुधा थेट '१०० मि.ग्रॅ. एलिमेंटल आयर्नइतकं' असं छापलेलं असतं, त्यामुळे तिथे गणित करावं लागत नाही. आकडा मोठा म्हणून गोळी भारी, हा ग्राहकाचा समज आणि तो कायम राहावा ही खोक्याची इच्छा. दोन्ही बाजूला ठेवा.

सरकारी लाल गोळीत ६० मि.ग्रॅ. लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. आत फेरस सल्फेट असतं, जुनं, स्वस्त आणि सगळ्यात जास्त पारखलेलं. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस असा तिचा क्रम आहे. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर रोज दोन. शाळेत मिळणारी निळी गोळी १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठी, मात्रा तीच पण आठवड्यातून एकदा. गुलाबी गोळी पाच ते नऊ वर्षांच्या मुलांची, ४५ मि.ग्रॅ. लोहाची. कामात लाल गोळी बाजारातल्या महागड्या गोळीपेक्षा कमी नाही. कमी पडते ती दोन ठिकाणी. पहिलं, पोट. सल्फेटने मळमळ, तोंडाला धातूची चव, बद्धकोष्ठ किंवा पोटात मुरडा होणारे लोक बरेच असतात आणि ते चौथ्या-पाचव्या दिवशी पट्टी फडताळात टाकून देतात. दुसरं, हवा. सल्फेटला ओल सोसत नाही. पावसाळ्यात, त्यातही कोकणात, कागदाच्या पुडीत सुट्या दिलेल्या गोळ्यांचं आवरण बोटाला चिकटतं, तडकतं आणि आत गंजासारखा पिवळट तपकिरी रंग दिसायला लागतो. अशी गोळी घेऊ नका, बदलून मागा. पट्टीतलीच घ्या आणि पट्टी स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवू नका.

फेरस ॲस्कॉर्बेट ही गोळी खासगी दवाखान्यांतून फार लिहिली जाते. लोह आणि क जीवनसत्त्व एकाच रेणूत बांधलेलं असल्यामुळे लोह शोषणाला सोयीच्या अवस्थेत टिकतं. बऱ्याच जणांना ती सल्फेटपेक्षा सोसते. गोळी चांगली आहे. आमची तक्रार किमतीबद्दल. एकाच रचनेच्या दोन पट्ट्यांत कित्येक पटींचा फरक दिसतो आणि हा औषधोपचार एका पट्टीत संपत नाही, तीन ते सहा महिने चालतो. महागडा ब्रँड परवडेनासा झाला की लोक गोळी बदलत नाहीत, बंद करतात. चिठ्ठीवर ॲस्कॉर्बेट असेल तर जनऔषधी केंद्रात त्याच रचनेची गोळी आहे का ते विचारा. पट्टीच्या मागचे आकडे जुळले की झालं.

पॉलिमाल्टोजची गोळी पोटाला सौम्य आहे हे खरं, पण त्यातलं लोह फेरिक अवस्थेत असतं, हळू सुटतं आणि हळू शोषलं जातं. मोठी तूट भरून काढायची असेल तर हिमोग्लोबिन संथपणे चढतं. बाकी कुठलीच गोळी पोटात राहत नसेल तर जरूर घ्या, एरवी पहिली निवड म्हणून नको. एक गंमत अशी की ही जेवणासोबत घ्यायची असते, सल्फेट किंवा फ्युमरेटच्या उलट. 'एन्टेरिक कोटेड' लिहिलेल्या गोळ्यांबद्दल तर सरळच सांगतो: लोह शोषलं जातं ते जठराच्या लगेच पुढच्या लहान आतड्यात आणि हे आवरण बऱ्याचदा ती जागा ओलांडल्यावर विरघळतं. पोट शांत राहतं, कारण औषध पोहोचायचं तिथे पोहोचतच नाही.

सिरप. घरात आजीपासून नातवापर्यंत सगळे एकाच बाटलीतून घेतात ते. फेरिक अमोनियम सायट्रेटचं एखादं सिरप घ्या: १५ मिलिलिटरला १६० मि.ग्रॅ. क्षार, म्हणजे प्रत्यक्ष लोह ३३ मि.ग्रॅ.च्या आसपास. एका लाल गोळीइतकं लोह मिळवायला दिवसातून दोनदा पूर्ण १५ मिलि घ्यावं लागेल. २०० मिलिची बाटली आठवडाभरही पुरत नाही. प्रत्यक्षात लोक चहाचा एक चमचा घेतात, म्हणजे ५ मिलि, आणि बाटली महिनाभर पुरवतात. गोळी गिळता येत नसेल तरच मोठ्यांनी सिरपकडे वळावं, तेही औषधाच्या मापाने मोजून. दात काळे पडू नयेत म्हणून नळीने घ्या आणि लगेच चूळ भरा. मधुमेह असेल तर आधी साखरेचं प्रमाण वाचा.

लोह, कॅल्शियम, जस्त आणि डझनभर जीवनसत्त्वं एकाच गोळीत कोंबलेली 'संपूर्ण' उत्पादनंही मिळतात. कॅल्शियम लोहाचं शोषण अडवतं. त्यामुळे दोन्ही एका गोळीत घालून विकणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या खिशातून दोन्हीचे पैसे घेऊन एकच नीट देणं. सरकारी कार्यक्रमातही गरोदर बाईला कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यायला सांगतात, त्याचं कारण हेच. धात्री लोह आणि मंडूराच्या आयुर्वेदिक कल्पांबद्दल इथे एवढंच की त्यांच्या डबीवर शोषलं जाणारं लोह किती ते नसतं. त्यामुळे वरचा गुणाकार त्यांना लावता येत नाही.

घेण्याची पद्धत ब्रँडपेक्षा जास्त फरक पाडते. रिकाम्या पोटी, सकाळी, साध्या पाण्याबरोबर किंवा लिंबूपाण्याबरोबर. जेवणाबरोबर घेतली तर शोषण जवळपास निम्म्यावर येतं, पण मळमळ होत असेल तर बंद करण्यापेक्षा जेवणानंतर किंवा रात्री झोपताना घेतलेली बरी. चहा हा आपल्याकडचा मोठा चोर. गोळीच्या आधी एक तास आणि नंतर दोन तास चहा-कॉफी नको. सकाळच्या कपाबरोबर गोळी घेण्याची सवय असेल तर ती आजच मोडा. दूध, कॅल्शियम आणि ॲसिडिटीच्या गोळ्या यांच्यातही दोन तासांचं अंतर ठेवा. थायरॉइडची गोळी घेत असाल तर चार तासांचं, नाहीतर लोह तिचंही शोषण बिघडवतं. शौचाला काळी होणं अपेक्षितच आहे, त्याला घाबरू नका. डांबरासारखी चिकट आणि उग्र वासाची झाली तर मात्र दाखवा.

दिवसाआड घ्यावी का, हा प्रश्न हल्ली बरेच जण विचारतात. लोहाचा एक डोस पोटात गेला की यकृतातून हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि साधारण दिवसभर आतड्याचं दार अर्धवट लावून ठेवतं. झुरिकच्या संशोधकांनी २०१७ मध्ये लोह कमी असलेल्या तरुण स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात रोजच्या डोसमधलं सुमारे १६ टक्के लोह शोषलं गेलं, दिवसाआडच्या डोसमधलं सुमारे २२ टक्के. प्रत्येक गोळीचं चीज जास्त होतं आणि पोटालाही उसंत मिळते. पण गोळ्या तेवढ्याच असल्या तरी दिवस दुप्पट लागतात, हे विसरू नका. पाळी जास्त जाणाऱ्या, हिमोग्लोबिन १० च्या आसपास असलेल्या आणि घाई नसलेल्या बाईला हे चालेल. सातव्या महिन्यात हिमोग्लोबिन ८ असलेल्या गरोदर बाईने स्वतःच्या मनाने दिवसाआड करू नये. दिवसातून तीनदा लोह द्यायची जुनी पद्धत मात्र आता सोडून द्यायला हरकत नाही.

गोळी काम करते आहे हे कसं ओळखायचं? बर्फ, खडू, माती किंवा कच्चे तांदूळ खायची ओढ असेल तर ती बऱ्याचदा हिमोग्लोबिन चढायच्या आधीच ओसरते. आठवड्या-दीड आठवड्यात रक्तात रेटिक्युलोसाइट, म्हणजे नुकत्याच मज्जेतून बाहेर पडलेल्या कोवळ्या लाल पेशी वाढलेल्या दिसतात. महिन्याभरात हिमोग्लोबिन निदान एक अंकाने वर जायला हवं. ते नेहमीच्या पातळीवर आलं की लोक लगेच गोळी थांबवतात. तिथे थांबायचं नाही. साठा भरायला पुढे तीन महिने चालू ठेवायची, नाहीतर सहा महिन्यांत पुन्हा तेच रडगाणं.

महिन्याने रक्त तपासूनही अंक हलला नसेल तर गोळीचा ब्रँड बदलण्याआधी निदान तपासा. सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या, अहवालात हिमोग्लोबिनच्या खालच्या ओळी कोणी वाचत नाही, खरी माहिती तिथेच असते. एमसीव्ही, म्हणजे लाल पेशीचं सरासरी आकारमान, ८० च्या खाली असेल तर पेशी लहान आहेत, म्हणजे बहुधा लोह कमी आहे किंवा थॅलेसेमिया मायनर (हिमोग्लोबिन बनण्यातला सौम्य आनुवंशिक दोष) आहे. दोघांत फरक करायला एमसीव्हीला लाल पेशींच्या संख्येने भागा. एमसीव्ही ६८ आणि पेशी ४.० दशलक्ष असतील तर उत्तर १७, संशय लोहाच्या कमतरतेचा. एमसीव्ही ६५ आणि पेशी ५.८ असतील तर उत्तर ११ च्या जवळ. १३ च्या खाली आलं की थॅलेसेमिया मायनर आठवायचा आणि एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी करून घ्यायची. हा फक्त अंदाज आहे, निदान नव्हे, पण सिंधी, लोहाणा, कच्छी कुटुंबांत तो टाळू नये. थॅलेसेमिया मायनरमध्ये लोह मुळात कमी नसेल तर वर्षानुवर्षं रक्तवाढीच्या गोळ्या खाऊन काहीच साधत नाही. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत सिकल सेल या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणीही याच यादीत येते. लोह कमी आहे का याचा चांगला पुरावा म्हणजे फेरिटिन, लोहाचा साठा दाखवणारं रक्तातलं प्रथिन. ते ३० च्या खाली असेल तर साठा संपत आला आहे. पण ताप, संसर्ग किंवा सूज असेल तर फेरिटिन खोटं वर जातं.

एमसीव्ही १०० च्या वर असेल तर बी-१२ किंवा फॉलिक ॲसिडचा विचार करायचा. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता सर्रास सापडते आणि लाल गोळीत बी-१२ नाही. बाजारातल्या अनेक मिश्रणांत ते असतं पण पाच-पंधरा मायक्रोग्रॅम, तर कमतरतेवर उपचार म्हणून रोज १,००० मायक्रोग्रॅमच्या घरात लागतं. नुसतं फॉलिक ॲसिड भरपूर दिलं तर रक्त सुधारलेलं दिसतं आणि बी-१२ अभावी नसांची हानी आतून चालू राहते. हातापायाला मुंग्या येत असतील तर आधी बी-१२ मोजा. लोह आणि बी-१२ दोन्ही कमी असले की एमसीव्ही मधोमध, फसवं 'नॉर्मल' येतं. तेव्हा वाढलेला आरडीडब्ल्यू, म्हणजे लाल पेशींच्या आकारातली तफावत दाखवणारा आकडा, बिंग फोडतो.

पुरुष आणि पाळी गेलेल्या बायका यांच्यात लोह कमी सापडलं तर गोळी चालू करून स्वस्थ बसू नये. रक्त कुठून तरी जातं आहे. आतड्याचा व्रण किंवा कर्करोग कधी कधी पहिल्यांदा असाच कळतो.

गोळी खरोखरच सोसत नसेल, शोषण होत नसेल किंवा प्रसूती जवळ आली असेल तर शिरेतून लोह देतात. फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज एका बैठकीत १,००० मि.ग्रॅ.पर्यंत, पंधरा-वीस मिनिटांत जातं. आयर्न सुक्रोज २०० मि.ग्रॅ.चे अनेक हप्ते मागतं. पहिल्याचा खर्च जास्त, पण फेऱ्या कमी. ते रुग्णालयातच आणि नंतर अर्धा तास नजरेखाली घ्यायचं. गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीत देत नाहीत. सुई शिरेबाहेर सरकली तर कातडीवर तपकिरी डाग पडतो आणि तो महिनोन्महिने राहतो. टोचताना जळजळ झाली तर लगेच सांगा.

घरात लहान मूल असेल तर शेवटचं हे. लाल गोळी साखरेची असते, लाल असते आणि मुलाला ती पेपरमिंटसारखी वाटते. १० किलोच्या मुलाच्या पोटात ६०० मि.ग्रॅ. लोह जाणं जिवावर बेतू शकतं आणि ते फक्त दहा लाल गोळ्यांत असतं. १०० मि.ग्रॅ.च्या गोळ्या असतील तर सहाच. पट्टी कुलपात किंवा हात न पोहोचणाऱ्या उंचीवर ठेवा. मुलाने गोळ्या गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटीची वाट न पाहता, पट्टी बरोबर घेऊन थेट रुग्णालय गाठा. सुरुवातीच्या उलट्यांनंतर मूल काही तास बरं वाटतं आणि घरचे परत यायच्या गोष्टी करू लागतात. त्या तासांत त्याला घरी आणू नका.